मास्तरांचं उलटं रीळ

"तालीम? मला?" लेव्हलकाकांनी चहाचा कप आदळला. "अगं, उभा जन्म रिळं फिरवण्यात गेला माझा! डोळे बांधून लाव म्हणालीस तरी लावीन!"

"डोळे उघडे ठेवूनच लावा," काकू म्हणाल्या. "आणि शोकसभेआधी एकदा घरी वाजवून बघा."

"जुनं रीळ आहे ते! जितकं वाजवावं तितकं झिजतं. एकदाच वाजणार, उद्या दुपारी, सगळ्यांसमोर. आणि असं वाजणार की हॉलमध्ये एक डोळा कोरडा राहायचा नाही! लिहून ठेव!"

ही शेवटची गोष्ट तेवढी खरी झाली. बाकी सगळ्याचा जो विचका झाला तो आता ऐका.

लेव्हलकाका म्हणजे रेकॉर्डिस्ट. "लेव्हल द्या!", म्हणजे आवाज किती मोठा येतोय ते बघू द्या, असं ओरडल्याशिवाय त्यांनी आयुष्यात बटण दाबलं नाही, म्हणून स्टुडिओनं हे नाव ठेवलं. घरीसुद्धा काकूंनी हाक मारली तर "लेव्हल कमी आहे" म्हणून ओ द्यायचे नाहीत. आणि ते ज्यांच्यासाठी बटण दाबायचे ते मास्तर. बाकीचे संगीतकार जेव्हा खोलीभर व्हायोलिनवाले बसवायचे, तेव्हा हा गडी बटणांचं एक खोकं काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "आजपासून वाजवणारा हा." लोक फिदीफिदी हसले. यंत्राला कुठे सूर असतो का, म्हणाले. मग त्या खोक्यातून ठेका निघाला, आणि हसणाऱ्यांचे पाय खुर्चीखाली त्यांना न विचारता हलायला लागले! पुढे त्याच लोकांनी तसलीच खोकी आणली, तसलेच ठेके लावले आणि मास्तरांना विसरून गेले.

मास्तरांचं घर म्हणजे अर्धा स्टुडिओच. एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजत राहावा म्हणून ते टेपचा तुकडा टोकाला टोक जोडून त्याचा भलामोठा फेरा करायचे. तो फेरा मशीनमधून निघून खुर्चीच्या पाठीवरून खिडकीच्या कडीला वळसा घालून परत यायचा. त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, चहा घेऊन त्याच्याखालून वाकून जायच्या, वाकून यायच्या. सगळं शहर नाचलं त्या ठेक्यांवर, पण वहिनींच्या वाट्याला आली ती कंबरदुखी.

आता मास्तर गेले. शेवटच्या आजारात घशानं दगा दिला, कित्येक महिने तोंडातून शब्द नाही. खुणांवर चाललं होतं. आणि ते गेल्यावर वहिनींच्या लक्षात आलं, की त्यांचा आवाज कुठेच नाही! जन्मभर जगाचा आवाज धरून ठेवणारा माणूस, पण घरच्या प्रत्येक व्हिडिओत कॅमेरा त्याच्याच हातात आणि तोंड बंद. फोनवर बोलायचे ते "हं." तेवढंच.

"भावजी," वहिनी लेव्हलकाकांना म्हणाल्या होत्या, "मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय हो. सकाळी उठले की आधी आठवून बघते. नाही येत."

लेव्हलकाकांनी डोक्यातल्या डोक्यात एकेक रीळ चाळून काढलं. मग एकदम आठवलं! एक रीळ होतं. ठेका सुरू व्हायच्या आधी मास्तर त्यावर काहीतरी बोलले होते. काय, ते आठवत नव्हतं. पण बोलले होते, नक्की! "वहिनी, ते रीळ तुमच्याच कपाटात आहे. शोकसभा घेऊ, तिथे लावतो. पहिलाच आवाज मास्तरांचा. माझा शब्द!"

म्हणून ही सभा. छोटासा हॉल, समोर मास्तरांचा फोटो, त्याला हार. गुडघे दुखणारे जुने डिस्को-नर्तक, पांढऱ्या केसांचे वादक आणि मागे हल्ली असलंच संगीत करणारी काही मंडळी. संगीताचे प्राध्यापक अध्यक्ष. पहिल्या रांगेत वहिनी, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसलेल्या.

लेव्हलकाका ऐटीत मशीनपाशी गेले. आता इथे एक गंमत सांगायला हवी. स्टुडिओतली पद्धत अशी, की रीळ वाजवून झालं की परत गुंडाळत नाहीत. शेवटचं टोक बाहेर ठेवून तसंच डब्यात टाकतात. जुन्या टेपला ते मानवतं. मग पुढच्या वेळी वाजवायच्या आधी उलटं फिरवून घ्यायचं. लेव्हलकाकांच्या हातांना हे इतकं पाठ, की डोकं लागतच नाही. त्यांनी डबा उघडला, रीळ चढवलं, सर्रकन उलटं फिरवलं, हॉलकडे पाहून "लेव्हल!" म्हणाले आणि बटण दाबलं.

मास्तर बोललेच नाहीत.

शून्यातून एक घरघर वर चढत आली. झांजेचा नाद आधी आला, फुगत फुगत गेला आणि झांज वाजली तशी चप्पकन बंद पडला. मग पुन्हा तेच. लेव्हलकाकांच्या कपाळावर घाम फुटला. रीळ उलटं वाजत होतं! शेवटाकडून सुरुवातीकडे! त्यांनी बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मध्येच ब्रेक लागला तर असलं जुनं रीळ तटकन तुटतं. मग आवाज नाही, वहिनींना दिलेला शब्द नाही, तोंड दाखवायला जागा नाही.

तोवर प्राध्यापक हलक्या पावलांनी जवळ आले होते. डोळे भरलेले. "काय माणूस हो! काळाच्या किती पुढे!"

"पुढे कसला, मागे! उलटं लागलंय!"

"अगदी! उलटं! नेमका शब्द वापरलात!"

"अहो, तसं नाही! रीळ उलटं फिरतंय!"

"काळच उलटा फिरवलाय त्यांनी!" प्राध्यापकांनी लेव्हलकाकांचा हात छातीशी धरला. "थांबवू नका. आम्हाला सोसेल."

लेव्हलकाकांनी मोकळ्या हातानं वहिनींना खूण केली. बोट हवेत उलटं फिरवलं: उलटं, उलटं! वहिनींना कळेना. कळलं ते मागच्या जुन्या नर्तकाला, पण भलतंच! तो उठला आणि त्यानंही बोट हवेत उलटं फिरवलं. शेजारचीनं फिरवलं. बघता बघता अख्खा हॉल उभा राहून बोट फिरवायला लागला! डिस्कोवालेच ते, त्यांना एक खूण मिळाली की पुरे. एक जोडपं तर मागच्या पावलांनी नाचत दारापर्यंत गेलं आणि तिथे एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागलं. फोटोवरचा हार धक्क्यानं खाली आला. तो उचलून कुणीतरी लेव्हलकाकांच्याच गळ्यात घातला!

आणि खोटं कशाला सांगू, ते ऐकायला वाईट नव्हतं. उलटा असला तरी ठेका मास्तरांचा होता. मागची मंडळी डोळे मिटून ऐकत होती. इतकी माणसं मास्तरांसाठी उभी राहिलेली लेव्हलकाकांनी मास्तर असताना कधी पाहिली नव्हती. त्यांनाही हुंदका आला. हे सगळं आता, मास्तर गेल्यावर, म्हणून. तेव्हा कुठे होतात सगळे?

वहिनी मात्र उठल्या नव्हत्या. रडतही नव्हत्या. कान देऊन बसल्या होत्या, आवाज येईल म्हणून.

ठेका संपला. नुसती खरखर राहिली, आणि तिच्यात अगदी शेवटी मोरीतून पाणी जावं तसं काहीतरी गुळगुळ वाजलं. रीळ सुटून फडफडलं. टाळ्यांचा कडकडाट! त्या कडकडाटात वहिनी ताडकन उभ्या राहिल्या.

"हे!" त्या ओरडल्या. "हेच!"

लोकांना वाटलं, बाईंना आवडलं. अजून टाळ्या वाजल्या.

हॉल रिकामा झाला तेव्हा लेव्हलकाका हार गळ्यात तसाच घेऊन खुर्चीत बसून होते. वहिनी जवळ आल्या.

"वहिनी, मला जोड्यानं मारा. रीळ कुणीतरी आधीच गुंडाळून सरळ केलं होतं. मी न बघता पुन्हा फिरवलं."

वहिनींचा चेहरा उतरला. "मीच केलं ते. कपाट आवरताना बघितलं, तर एवढा टापटिपीचा माणूस आणि रीळ गुंडाळायचं राहिलेलं. म्हटलं, त्यांचं राहिलेलं काम आपण पुरं करावं. हातानं गुंडाळलं, संध्याकाळभर बसून." मग हळूच म्हणाल्या, "पण शेवटी ते तेच होते ना, भावजी? शब्द कळले नाहीत. आवाज ओळखला मी."

लेव्हलकाकांनी रीळ काढलं, नीट लावलं. आता मात्र डोळे उघडे ठेवून. बटण दाबलं. खरखर. टेपमधली खुर्ची करकरली. आणि मास्तर बोलले, अगदी कानाशी बसल्यासारखे:

"लेव्हल, हे मी बोलतोय ते नंतर काप हं. माझा आवाज नको त्यात."

आणि ठेका सुरू झाला.

वहिनींनी मशीनकडे बोट केलं. "हे कापायचं होतं?"

"हो. राहून गेलं माझ्याकडून."

"बरं झालं कामचुकार निघालात!" वहिनी फस्सकन हसल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. "पुन्हा लावा ना."

लेव्हलकाकांनी बोट फिरवून पाहिलं. मशीनवर तपकिरी भुकटी पडली होती. टेपवरचा आवाज भुकटी होऊन गळत होता. "वहिनी, आता एकदाच. फार तर. मी मोबाइलवर धरून ठेवतो. तुम्ही फक्त गप्प बसा."

वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला. लेव्हलकाकांनी मोबाइल पुढे केला, बटण दाबलं. खरखर. खुर्ची. "लेव्हल, हे मी बोलतोय ते नंतर काप—"

"नाही कापू देणार!" वहिनींच्या तोंडातून निसटलं. "अहो, असं काय करता? का कापायचं? बोला ना अजून! बोला की!"

मशीन किंचाळलं आणि टेप तुटला. दोघंही दचकले. तुटलेलं टोक लेव्हलकाकांनी उजेडात धरलं, तर ते काचेसारखं आरपार दिसत होतं. त्यावर आता काही नव्हतं.

त्यांनी मोबाइल कानाला लावून ऐकला. मान हलवली. पुन्हा ऐकला. शेवटी ओशाळून म्हणाले, "वहिनी, तुमची लेव्हल फार वर गेली. मास्तर खाली दबलेत. तुमचा आवाज कमी करता येतो का ते एखाद्या जाणकाराला विचारतो."

"नको," वहिनींनी मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या, भावजी. त्या घरात माझा आवाज कधी वर आला होता का?"