इंग्लंड बाहेर पडेपर्यंत देव पाण्यात

माझे देव आजवर कधी अडीच दिवसांच्या वर पाण्यात राहिलेले नाहीत! कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, अख्ख्या पिपलानीत विचारा. लोकांचे देव महिना महिना पाण्यात पडून असतात आणि काम काही होत नाही. माझं तसं नाही. तांब्याचं घंगाळ घ्यायचं, देवघरातले पाचही देव आत बसवायचे, वर पाणी, त्यावर लाल खण, आणि स्वच्छ सांगायचं, "काम झालं की बाहेर. तोवर बसा!" ह्यांचं फोरमनचं प्रमोशन, एक दिवस. आमच्या विनायकची त्याच कारखान्यात नेमणूक, सव्वा दिवस. एकदा तर मी घंगाळ नुसतं घासायला काढलं, तर देवांनी घाबरून तासाभरात गॅसचं सिलिंडर दारात आणून ठेवलं!

ह्यांचा विश्वास नाही. हे म्हणजे आमचे गोपीनाथराव. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला देव दिसत नाही, मायक्रोमीटर दिसतो. रिटायर झाल्यापासून पलंगाखाली नटबोल्टांची पेटी आणि तोंडासमोर पेपर, एवढाच संसार.

तर झालं असं. सन दोन हजार एकोणीसची संक्रांत. विनायकचा मुलगा उदय लंडनला असतो. त्याचा सकाळीच फोन.

"आजी, आज इथं पार्लमेंटमध्ये मतदान आहे. इंग्लंड युरोपच्या युनियनमधून बाहेर पडतंय. ते एकदा झालं की कंपनी मला पर्मनंट करणार. तोपर्यंत सब लटका हुआ है."

"मग पडा म्हणावं बाहेर! दाराला कडी आहे का?"

"तसं नसतं गं. अडीच वर्षं बोलणी चाललीत."

अडीच वर्षं! अहो, आमच्या विनायकनं क्वार्टर बदललं तेव्हा सहा खोकी, दोन गाद्या आणि एक तुळस दुपारच्या भोंग्याच्या आत हलवली होती. ह्या इंग्रजांनी म्हणे दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं! घरातून बाहेर पडता येत नाही आणि जगाला शिष्टाचार शिकवत होते!

मी घंगाळ काढलं. शेजारच्या वैजयंतीबाई तिळगूळ घेऊन आल्या होत्या, त्यांच्या साक्षीनं पाची देव आत बसवले आणि मोठ्यांदा म्हटलं, "इंग्लंड युरोपातून बाहेर पडेपर्यंत तुम्हीही पाण्यातून बाहेर पडायचं नाही!"

हे पेपराआडून म्हणाले, "तारीख घालायची होतीस. ओपन टेंडर काढलंस."

"तुम्ही गप्प बसा! दोन दिवसांचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयचा फोन. ठराव सणकून आपटला.

आणि तिथून सुरू झालं! मार्चमध्ये तोच ठराव पुन्हा आणला, पुन्हा पडला. महिनाअखेरीला तिसऱ्यांदा आणला, तिसऱ्यांदा पडला. आमच्या मराठी मंडळात एकदा श्रीखंड की बासुंदी यावर तीन बैठका झाल्या होत्या, तेव्हा मी त्यांना हसले होते. आता त्यांची क्षमा मागते. निदान चौथ्या बैठकीत त्यांनी दोन्ही केलं!

मी रोज टीव्हीसमोर बसायला लागले. हिरव्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली चांगली सुटाबुटातली माणसं, आणि ओरडतात कशी, तर भाजीबाजारात बैल शिरल्यासारखी! त्यात एक जण उंच खुर्चीवरून नुसता "ऑर्डर! ऑर्डर!" करतो. वेटर आपला येतच नाही. आयर्लंडच्या कुंपणाचा काहीतरी घोळ होता. कुंपण घालायचं नाही पण सरहद्द हवी. वैजयंतीबाईंच्या पेरूची फांदी आमच्या अंगणात येते, तिच्याबद्दल आमचं तीस वर्षं हेच धोरण आहे. त्यात एवढं पार्लमेंट कशाला भरवायचं?

उदयला विचारलं, "तिथं लोक देवाला जातात की नाही?"

"फारसे नाही. आमच्या गल्लीतल्या चर्चमध्ये आता कॉफी शॉप आहे."

बघा! मी तेव्हाच ताडलं. ज्या देशानं आपला देव कॉफीला लावला, त्याच्यासाठी माझा बाळकृष्ण गळ्याइतक्या पाण्यात उभा! चीड आली मला. पण शब्द दिला होता. शब्द मोडला आणि तिकडे उदयला नारळ मिळाला तर?

एकोणतीस मार्च गेला. बारा एप्रिल दिला, तोही गेला. मग एकतीस ऑक्टोबर! चैत्रगौरीला झोपाळ्यात अन्नपूर्णा बसवायची, ती घंगाळात. मी झोपाळ्यात सुपारी बसवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका सुपारीला नमस्कार करून माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मीच देवी विकून आंबे आणलेत! नवरात्रात तर वैजयंतीबाईंनी फाटकातूनच विचारलं, "कुसुमताई, आमचे देव बसले हो. तुमचे अजून पोहतायत का?"

मधे ऑगस्टमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही. घंगाळातलं पाणी रोज बदलायचं कोणी? सून कांचन सकाळी शाळेत शिकवायला जाते. तर हे आपणहून म्हणाले, "मी बदलीन."

"खण उचलून टक लावून बघत बसू नका! शिक्षा भोगणाऱ्याकडे बघायचं नसतं." हा माझाच नियम. ऑपरेशननंतर मीही तो पाळला. वरूनच फूल वाहायचं, नमस्कार करायचा.

आणि काय सांगू, ह्या माणसात फरकच पडला! सकाळी मी फिरायला जाऊन येईपर्यंत ह्यांची अंघोळ झालेली, कपाळाला गंधाचा ठिपका. घंगाळ हलवलं की आतून मात्र ठण्ण वाजायचं. मी म्हटलं, उपासानं देवसुद्धा कडक झाले असतील. पन्नास वर्षं मी मागे लागले तेव्हा नाही, आणि युरोपानं ह्यांना भक्तीला लावलं!

आता मुख्य घोळ. आमची नात वसुधा, उदयची बहीण, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा हेमंत, अरेरा कॉलनीतला. तारीख चोवीस नोव्हेंबर. मी निर्धास्त होते, एकतीस ऑक्टोबरला इंग्लंड बाहेर, देव बाहेर! आमच्यात नवरी गौरीहर पुजते ती घरच्याच अन्नपूर्णेपुढे. माझ्या सासूबाईंनी पुजली, मी पुजली, कांचननं पुजली.

ऑक्टोबर संपत आला आणि बातमी आली. पुढची तारीख, एकतीस जानेवारी!

घरात बैठक बसली.

"आजी, माझं लग्न लंडनचं पार्लमेंट ठरवणार? हद है!" वसुधा.

"आई, चौक बाजारातून नवी अन्नपूर्णा आणू या," कांचन म्हणाली.

"नवी? तिला आपल्या घरातलं कोणी ओळखू तरी येतं का? भर मांडवात भलत्याच मुलीला आशीर्वाद देऊन बसेल!"

विनायकनं तुलसी नगरच्या दिगंबर गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, "देवांची क्षमा मागून काढून घ्या की! छोटासा शांतिपाठ करू. मी रविवारी मोकळा आहे." गुरुजी मोकळे आहेत म्हणून माझा शब्द मोडायचा! मग गुरुजींत आणि त्या हिरव्या बाकांवरच्यांत फरक काय उरला?

"बाबा, तुम्ही तरी समजवा आईला," विनायक काकुळतीला आला.

हे चष्मा पुसत म्हणाले, "राहू दे की. फेब्रुवारीत करा लग्न. हवा छान असते."

मी थक्क! पन्नास वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या बाजूनं बोलला. माझे नव्यानं ऑपरेशन केलेले डोळे भरून आले. ते जरा चाचरत होते, खाली बघत होते, पण मी म्हटलं, भक्तीत माणूस नम्र होतो.

आता विहीणबाईंना सांगणं आलं. हेमंतच्या आई, मंदाकिनीबाई, म्हणजे करारी बाई. चहा ठेवला, पण साखर विचारली नाही.

"पाहुण्यांना काय सांगू मी? युरोपामुळे लग्न पुढे गेलं?"

"सांगा की! वजन पडेल!"

"कुसुमताई, सहा फेब्रुवारी. त्यापुढे एक दिवस नाही. तेव्हाही तुमचे देव पाण्यात असले, तर आम्ही हेमंतसाठी दुसरं घर बघू. कोरड्या देवांचं."

घरी आले. वसुधा दोन दिवस दार लावून बसली. तिसऱ्या दिवशी येऊन शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "आजी, इंग्लंड निकलेगा ना?"

ऐंशीला टेकलेली बाई मी. कारखान्यातल्या जीएमला कधी घाबरले नाही. पण त्या पोरीच्या प्रश्नाला घाबरले. त्या डिसेंबरात इंग्लंडात निवडणूक झाली, तेव्हा एकेक जागेचा निकाल मी जपमाळ ओढत ऐकला. कुठल्या गावचा कोण, मला काय ठाऊक! जो "बाहेर" म्हणेल तो माझा.

आणि अखेर बाहेर पडले हो! एक फेब्रुवारीला सकाळी टीव्हीवर झेंडे उतरवताना दाखवले आणि मी सगळ्या टाउनशिपला निरोप धाडले. दहा वाजता देव बाहेर काढण्याचा सोहळा! अख्खं भजनी मंडळ आलं. वैजयंतीबाई पुढच्या रांगेत. मंदाकिनीबाई हेमंतला घेऊन आल्या. उदय फोनवर, कांचननं त्याला समईला टेकवून उभा केला. पंचामृत तयार. हे तेवढे सारखे म्हणत होते, "अगं, आधी घरच्या घरी काढ. लोक कशाला?"

"तुम्हाला काय कळतं? वर्षाची तपश्चर्या आहे!"

मी चार शब्दही बोलले. म्हटलं, "बायांनो, युरोपातल्या सत्तावीस देशांना जे जमलं नाही, पार्लमेंटला जे जमलं नाही, ते ह्या पाच देवांनी गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून केलं!" टाळ्या पडल्या. मी खण दूर केला आणि घंगाळात हात घातला.

हाताला बाळकृष्णाचा गुडघा लागायला हवा होता. लागला षट्कोन.

बाहेर काढलं तर पितळी नट! लिंबाएवढा! पुन्हा हात घातला. दुसरा नट, जरा लहान. तिसरा, चौथा, पाचवा. मोठ्यापासून लहानापर्यंत, टूलरूमच्या शिस्तीत ओळीनं लावलेले.

टाळ वाजवणाऱ्या बाईचा टाळ हवेतच थांबला.

"ह्या कुठल्या देवता?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"कारखान्याचं कुलदैवत असेल," वैजयंतीबाई म्हणाल्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मुकाट्यानं आत गेले आणि आपल्या कपाटातून मफलरची गुंडाळी घेऊन आले. सोडली, तर आत पाचही देव! कोरडे, लख्ख, अन्नपूर्णेच्या कपाळावर ताजं कुंकू.

"तुझं ऑपरेशन झालं, मी पाणी बदलायला खण उचलला," हे खाली बघत म्हणाले, "तर बाळकृष्णाच्या पाठीवर हिरवं चढलेलं. जन्मभर पितळ जपलंय मी. बघवलं नाही. घंगाळाला वजन तर हवं, म्हणून नट ठेवले."

"म्हणजे ऑगस्टपासून? आणि पूजा?"

"तू फिरायला गेलीस की करायचो. अंघोळ, गंध, फूल, दूधसाखर."

"तुम्हाला मंत्र कुठं येतात?"

"मंत्र नाही. पेपर वाचून दाखवायचो."

"कुठलं पान?"

"युरोपचं. म्हटलं, त्यांचं काम अडलंय, त्यांना कळायला नको?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण क्वार्टरची फरशी पक्की! मंदाकिनीबाई उठल्या. आता मोडलं लग्न, मी म्हटलं. वसुधानं माझा पदर घट्ट धरला. विहीणबाईंनी अन्नपूर्णा हातात घेतली, उलटसुलट करून बघितली, नखानं पाठ खरवडली. कुठं हिरव्याचा ठिपका नाही.

"लग्न सहा तारखेलाच," त्या म्हणाल्या. "पण गौरीहराची मांडणी गोपीनाथराव करतील. कुसुमताई, तुम्ही पाहुण्यांना पेढे वाटा."

सगळ्यांनी श्वास सोडला, तेवढ्यात वैजयंतीबाई! ही बाई पेरू नाही सोडणार आणि शंकाही नाही. म्हणाल्या, "पण काय हो, देव तर ऑगस्टपासून कोरडे. मग इंग्लंडला बाहेर काढलं कोणी?"

सगळ्यांच्या माना घंगाळाकडे वळल्या. नट चमकत होते.

आणि समईला टेकलेला उदय बोलला, "आजी, एक सांगायचं राहिलं. आता अकरा महिने ट्रान्झिशन आहे. म्हणजे बाहेर पडले, पण सगळं पहिल्यासारखंच. माझ्या पर्मनंटचं त्यानंतर बघू म्हणतात."

बाहेर पडले, पण बाहेर पडले नाहीत! असल्या लोकांपुढे कोणता देव टिकणार?

लग्न छान झालं. मांडवात ह्यांनी गौरीहर असा मांडला की चारी बाजू स्केल लावून मोजून घ्याव्यात. देव देवघरात आहेत, रोज पेपर ऐकतात. सवय लागली त्यांना.

आता तुम्ही विचाराल, घंगाळाचं काय? आहे. पाण्यानं भरलेलं आहे, खणही आहे. नाही हो, देव नाही घातले पुन्हा! मोठा नट घातलाय. हळदकुंकू वाहते. जमेल का ठाऊक नाही, पण आजवर इंग्लंडला कोणी हलवलं असेल तर त्यानंच. स्वयंपाकघरातला नळ गेले पंधरा दिवस गळतोय आणि ह्यांच्या मते त्याला नेमका तोच नट बसतो. रोज मागतात. मी म्हटलं, गळू दे. उदय पर्मनंट झाला की देईन.