हत्ती पंधरा दिवसांच्या मुदतीवर

"ज्या वस्तूला नंबर लागला, ती वस्तू हरवत नाही!" हा ग्रंथपालबाईंचा सिद्धांत होता, आणि त्या नुसत्या बोलून थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या घरात डब्यांना नंबर होते, छत्र्यांना नंबर होते, नवऱ्याच्या चष्म्याच्या घराला नंबर होता. नवऱ्याला नव्हता, पण तो मुळात खुर्चीतून उठतच नसे.

गेल्या वर्षी सुट्टीतल्या वाचन उपक्रमाला मोजकी चार मुलं आली होती, आणि त्यातली दोन पंख्याखाली बसायला! यंदा बाईंनी चंगच बांधला. 'खेळण्यांचा मुक्काम'! मुलांनी आपलं लाडकं कापडी खेळणं संध्याकाळी ग्रंथालयात आणून सोडायचं, खेळण्यानं रात्र पुस्तकांत काढायची, आणि सकाळी सगळ्या कुटुंबानं यायचं. खेळणं परत, वर खेळणं पुस्तक वाचत असल्याचा फोटो, आणि तेच पुस्तक मुलानं घरी न्यायचं. मुलं अशी लोटली, की दारात चपलांचा डोंगर झाला. अस्वलं आली, ससे आले, दात पडलेली एक मगर आली, आणि जुळ्या भावांची दोघांत मिळून एक उशी आली.

बाईंची पाच वर्षांची नात हत्ती घेऊन आली. त्याचं नाव ढोल्या. त्याचा एक कान मूळचा, दुसरा तिच्या बाबांच्या मोज्याचा. ढोल्याशिवाय ती झोपत नसे, आणि ती झोपली नाही की घरात कुणाची टाप होती झोपायची!

"आई, आजची एक रात्र कशीबशी काढू," सूनबाई म्हणाली. "दुसरी निघायची नाही हं."

"अगं, अख्खं ग्रंथालय सांभाळते मी! एक हत्ती जड होणार आहे मला?"

"तसं नाही हो. पण पुस्तकाला कुणी रात्री मिठी मारून झोपत नाही."

हे बाईंना लागलं. त्यांनी तिथल्या तिथे प्रत्येक खेळण्याच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली. फोटो काढून झाल्यावर सगळी मंडळी बालविभागात रांगेनं बसवली. ढोल्या तेवढा प्रवासवर्णनांच्या कपाटात फारच रुबाबदार दिसत होता, म्हणून त्याला तिथेच राहू दिलं. आजीची माया! तिथेच घोळ झाला.

कारण सकाळी ग्रंथालय उघडून काउंटरवर बसले होते शिक्केभाऊ. माणूस सोन्यासारखा. फक्त विचार करणं आपल्या कामात बसत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. समोर येईल त्यावर शिक्का! एकदा अध्यक्षांनी घाम पुसायला टोपी काउंटरवर टेकवली, तर ती तारीख घेऊनच परत डोक्यावर गेली.

कार्यक्रमाच्या वेळेला बाई फुगे घेऊन पोचल्या. आईबाप, आज्या, आजोबा, मुलं, सगळे हजर. एकेकाला खेळणं देता देता नातीची पाळी आली, आणि बाई प्रवासवर्णनांच्या कपाटाशी गेल्या. कपाटात हत्तीच्या आकाराची मोकळी जागा होती.

"आजी, ढोल्या कुठाय?"

सून बघत होती. तिची भुवई हळूहळू वर चढत होती. बाईंना सुचलं ते त्यांनी ठोकून दिलं. "ढोल्या ना? तो... तो अजून वाचतोय!"

नातीचा चेहरा उजळला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "माझा ढोल्या अजून वाचतोय!"

झालं! मगरवाल्या मुलीनं मगर परत रांगेत नेऊन ठेवली. "माझीपण अजून वाचणार!" ससे परतले, अस्वलं परतली. जुळ्यांपैकी एकाला उशी घरी न्यायची होती, दुसऱ्याला तिला शिकवायचं होतं. उशीचा कापूस बाहेर आला. एक आजोबा म्हणाले, "मग आम्ही दुपारी येऊ का?" एका आईनं विचारलं, "माझ्या पोराचा ससा मागे पडलाय का हो वाचनात?"

बाईंनी शिक्केभाऊंना कपाटामागे ओढलं. "भाऊ! हत्ती!"

"तो इश्यू झाला, बाई."

"इश्यू झाला?"

"गळ्यात नंबर होता. नीट दोन्ही शिक्के मारले." भाऊंनी अभिमानानं पाहिलं. "तुम्हीच म्हणता ना, नंबर लागला की वस्तू हरवत नाही. हरवला नाहीच! पंधरा दिवसांनी येईल."

"कुणी नेला?"

"हेडसरांनी."

निवृत्त मुख्याध्यापक हेडसर दोन गल्ल्या सोडून एकटेच राहत. एका समुद्रकथेचा दुसरा भाग हवा म्हणून ते महिनाभर ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवत होते. तो भाग दुसऱ्या वाचकाकडे होता. "मागवा परत," असं सर म्हणाले, तेव्हा बाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं: मुदतीपूर्वी वाचकाकडून काहीही परत मागितले जाणार नाही. सरांनी ती पाटी दोनदा मोठ्यानं वाचली होती आणि ते काही न बोलता निघून गेले होते. जो माणूस काही न बोलता जातो, तो हिशेब सोबत घेऊन जातो.

बाई मागच्या दारानं सटकल्या. पण नातीनं पाहिलंच. "आजी ढोल्याला आणायला चालली!" मग नातीमागे सून, सुनेमागे मुलं, मुलांमागे आईबाप. हेडसरांनी दार उघडलं तेव्हा फाटकापर्यंत वरात होती.

सरांच्या हातात सकाळीच ग्रंथालयात परत आलेला समुद्रकथेचा दुसरा भाग होता, पानांत बोट. आतल्या आरामखुर्चीत, पाठीला उशी घेऊन, ढोल्या बसला होता.

"सर, जरा गोंधळ झालाय," बाई म्हणाल्या. "तो हत्ती द्या."

"मुदत?"

"अहो, ते खेळणं आहे!"

"चिठ्ठी आहे, नंबर आहे, शिक्का आहे. पाटीवर काय लिहिलंय, बाई? 'काहीही'. अक्षर तुमचंच आहे."

"सर, पण तुम्ही हत्ती नेलाच कशाला?"

सरांनी घसा खाकरला. "मला मोठ्यानं वाचायची सवय. ही गेल्यापासून घरात ऐकायला कुणी नाही. भिंतींना वाचून दाखवलं तर शेजारी काळजी करतात." ते ढोल्याकडे वळले. "चाळीस वर्षं शिकवलं मी. असा विद्यार्थी पाहिला नाही. कान मोठे आणि तोंड बंद!"

सून पदर तोंडाला लावून उभी होती; हसत होती की काय, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात नात दोघांच्या मधून आत शिरली आणि खुर्चीसमोर उभी राहिली.

"ढोल्याला आवडतंय का?"

"बघ ना," सर म्हणाले. "जहाज बुडायला आलंय आणि हा हूं की चूं करत नाही."

"तो घाबरला की असाच गप्प बसतो." नातीनं हत्तीला उचललं, जमिनीवर फतकल मारली आणि त्याला मांडीवर घेतलं. "आता वाचा."

मगरवाली तिच्याशेजारी बसली. जुळे उशीसकट बसले. आईबाप खिडकीखाली, उंबऱ्यावर, जिन्यावर, मिळेल तिथे टेकले. सरांनी एकदा बाईंकडे पाहिलं, चष्मा नीट केला आणि असा काही आवाज लावला, की वादळ उठलं तेव्हा एका आजोबांनी खिडकी लावून घेतली! जहाज बुडालं, पण खलाशी वाचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्षानुवर्षं बाईंनी ज्या कार्यक्रमाची स्वप्नं पाहिली, तो अखेर झाला. फक्त त्यांच्या ग्रंथालयात झाला नाही, एवढंच.

"घेऊन जा ग याला," सर नातीला म्हणाले. "मुदतीआधी वाचकानं आपणहून परत केलं तर चालतं. तशी पाटी नाही."

रात्री बाई हुश्श करून आडव्या झाल्या, तोच सून दारात आली. "आई, ढोल्याचं पोट पाहिलंत का?"

पोटावर निळा, ठसठशीत, गोल शिक्का होता: ग्रंथालयाची मालमत्ता. साबणानं घासला, लिंबानं घासला. जाईना! ती शाई कधी पुसली जात नाही म्हणून बाईंनीच आग्रहानं मागवली होती.

"राहू दे," सून हसत म्हणाली. "तो कुठे राहिला तर लोक आणून तरी देतील. तुमचं खरं झालं, आई."

बाईंना वाटलं, प्रकरण मिटलं. पण पुढच्या शनिवारी नात ढोल्याला घेऊन थेट काउंटरवर आली. "भाऊकाका, हा हेडसरांच्या नावावर द्या. तिसरा भाग आलाय. आणि मीपण जाणार."

मागे मुलांची रांग होती. प्रत्येकाच्या काखेत अस्वल नाहीतर ससा, आणि रांगेच्या शेवटी, इस्त्रीचा सदरा घालून, हेडसर.

शिक्केभाऊंनी ढोल्याच्या चिठ्ठीवर तारीख मारली. मग शाईचा डबा उघडला, दुसरा, मालमत्तेचा गोल शिक्का त्यात चांगला बुडवला, नातीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कपाटांच्या दिशेनं हाक दिली,

"बाई! हिचा नंबर काय लिहू?"