जर्मनचं नाणं

पहिल्या भेटीत सबनीसकाकांनी मला नाव विचारलं नाही. "कुठल्या खाणीचे तुम्ही?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चंद्रपूरचा. "म्हणजे कोळसा!" असं म्हणून काका आत वळले. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत शेजार मला असा लाभला.

काका निवृत्त इंजिनियर. नाद एकच, चांदीची जुनी जर्मन नाणी. ज्या खाणीतली चांदी, तिचं नाव नाण्यावरच असायचं म्हणे. "बघ कोळसा, चांदीसुद्धा आपलं गाव सांगते. आणि आमचे चिरंजीव? आय ॲम फ्रॉम जर्सी!" हे ऐकल्याशिवाय त्या घरात चहा मिळत नसे. नाण्याला बोट लावायचं नाही, जवळ शिंकायचं नाही. काळं पडलेलं नाणं पुसणं म्हणजे तर खूनच. माणूस खडूस आणि तोंडाळ. काकू गेल्यावर त्यांच्याकडे कोणी फिरकेना. मी जायचो, तेही शेजारधर्म म्हणून.

यंदा मुलगा विमानानं लांबच्या फ्रिस्कोहून आला. बापाला स्वतःच्या घरी न्यायला नव्हे, सीनियर होममध्ये पोचवायला. "बाबा, इट्स जस्ट मेटल. विकून टाकू ना." काका आकाशपाताळ एक करतील असं मला वाटलं होतं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

नाण्यांचा व्यापारी घरीच आला. एकेक नाणं भिंगाखाली धरून खूश होत होता. शेवटचं मात्र त्यानं बाजूला सारलं. ते घासून घासून लख्ख झालेलं. राजाचं नाकही गेलेलं, खाणीचं नावही. "रुइन्ड," तो म्हणाला.

"मग फेकून द्या," मुलगा म्हणाला. काकांनी ते झटकन मुठीत घेतलं.

व्यापाऱ्याला सोडायला मुलगा बाहेर गेला. मला राहवेना.

"काका, हे कुठल्या खाणीचं?"

"तुझ्या काकूच्या." काका पहिल्यांदाच हळू बोलत होते. "मी तिला म्हटलं होतं, जर्मनची नाणी आहेत. तिच्या माहेरी जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली. लक्ष्मीपूजनाला बिचारीनं तारेच्या घासणीनं घासून चौरंगावर मांडलं. मी चारचौघांत तिला अडाणी म्हणालो. पुन्हा तिनं माझ्या कपाटाला कधी हात लावला नाही."

ओरखड्यांवरून ते अंगठा फिरवत राहिले. "तिच्या साड्या, भांडी, सगळं या पोरानं डोनेट केलं. तिच्या हातचं एवढंच उरलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे होममध्ये चांदी ठेवू देतील का रे?"



"चांदी कुठली, काका?" मी म्हटलं. "जर्मनचं आहे म्हणून सांगा."