तीन ताऱ्यांची होडी

एका बंदराच्या शहरात एका होडीला भोक पडले. यात नवल काही नाही. होडी लाकडाची होती आणि समुद्र पाण्याचा. भोकही करंगळीएवढेच होते. नवल एवढेच, की होडीवाल्याने ते सागरी सुरक्षा कार्यालयाला कळवले.

दुरुस्तीसाठी होडी किनाऱ्यावर ओढायची तर या कार्यालयाची परवानगी लागते. होडीवाल्याची बायको रोज त्याच होडीने खाडीपलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यात जायची. तिने निघताना बजावले होते, "अहो, माझ्या चपला तरंगायला लागल्यात. परवानगी आणल्याशिवाय घरी येऊ नका."

कारकुनाने अर्ज शांतपणे वाचला. "गळती? आमच्या फॉर्मवर 'होडीला गळती नाही' असं छापूनच येतं. तुम्ही खाली फक्त सही करायची."

"पण गळती आहे ना, साहेब."

"असेल हो, पण लिहायची कुठे? गेली अकरा वर्षं या बंदरात एकाही होडीला गळती नाही. तुमच्याच होडीला बरी झाली!"

घराण्याला बट्टा लागावा तसा होडीवाला ओशाळला.

चौथ्या दिवशी निरीक्षक आले. होडीत पाय ठेवताच त्यांचे मोजे भिजले. "पाणी आहे खरं," ते गंभीरपणे म्हणाले, "पण ते समुद्राचं आहे. समुद्र आमच्या खात्यात येत नाही."

"साहेब, दोन दिवस होडी वर ओढू द्या. काथ्या आणि डांबर भरतो, झालं काम."

"असं कसं? होडी जमिनीवर आली की ती जलवाहन राहत नाही. जलवाहन नाही, तर परवानगी द्यायला आम्ही कोण? नियमात बसेल असं काहीतरी करू."

नियमात बादली बसली. 'जलनिष्कासन साधन' म्हणून होडीत एक बादली ठेवण्याचा आदेश निघाला आणि त्याबद्दल होडीला सुरक्षेचा एक तारा मिळाला. बादली आपोआप चालत नाही, म्हणून पाणी उपसायला माणूस नेमला, दुसरा तारा. 'प्रवाशांनी पाय वर घेऊन बसावे' अशी पाटी लावली, तिसरा. बंदरातल्या कुठल्याच होडीला तोवर एकही तारा नव्हता.

बाकीचे होडीवाले बादल्या घेऊन कार्यालयात धावले. "आधी बादलीची गरज सिद्ध करा," कारकून म्हणाला. त्या आठवड्यात शहरातल्या एकाही सुताराकडे भोके पाडायचे गिरमिट शिल्लक राहिले नाही. महिनाअखेर सगळ्या होड्या तीन ताऱ्यांच्या झाल्या. सुरक्षा तिपटीने वाढल्याचे महापौरांनी जाहीर केले आणि टाळ्या पडल्या.

इकडे पहिले भोक अंगठ्याएवढे झाले होते. पाणी उपसायला नेमलेला माणूस म्हणजे होडीवाल्याचा मेहुणा. तो काकुळतीला आला. "दाजी, एवढ्यात बुजवू नका हं. आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागलीय."

बहीण गुडघाभर पाण्यात उभी होती. ती भावाला म्हणाली, "तू गप्प उपस!" मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुमचे तारे ठेवा तुमच्यापाशी. मला तळ हवाय, तळ!"

होडीवाल्याने त्याच दुपारी, कुणालाही न विचारता, होडी वाळूवर ओढली. काथ्या ठोकला, डांबर ओतले. तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरली, ती ठणठणीत कोरडी.

कार्यालयाने तातडीने दखल घेतली. कोरड्या होडीत बादली निरुपयोगी, उपसणारा बिनकामाचा आणि पाटी दिशाभूल करणारी. तिन्ही तारे काढून घेण्यात आले. नवी पाटी लागली: 'सुरक्षा दर्जा – शून्य'.

सकाळी धक्क्याला दोन होड्या लागल्या. चष्मा लावलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी दोन्ही पाट्या नीट वाचल्या. "शून्य? छे छे, जिवाशी खेळ नको!" असे म्हणून त्यांनी बूट हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते तीन ताऱ्यांत उतरले. त्यांच्यामागे सगळी रांग उतरली. कोरड्या होडीत एकटी बायको बसली, ऐसपैस, पाय पसरून.

त्या गृहस्थांना फार हसू नका. मुलांसाठी शाळा निवडताना तुम्हीही तिचे तारे मोजून आलात. वर्गात एकदा तरी डोकावून पाहिले होते का?