वडनेरला तापणारी पेटी

देवराव झाडे ड्रायव्हर कुणाला नमस्कार करत नसत, हात लावून बघत. चहाचा ग्लास असो, दुकानाचं लोखंडी शटर असो की कुणाच्या कडेवरचं पोर असो, ते आधी उजवा तळहात त्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "ठीक हाय," किंवा "तापलं." एकदा आमचे शेठजी हमालांवर तोंडसुख घेत होते. देवरावांनी सरळ पुढे होऊन त्यांच्या टकलावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेठजी, तापले तुमी. थोडा वेळ न्यूट्रलवर राहा." शेठजी खरोखरच गप्प झाले. न्यूट्रल म्हणजे काय ते त्यांना कळलं नसावं.

ही सवय त्यांना ट्रकनं लावली. सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका तेलगिरणीत मी तेव्हा बाबू होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शेठजींनी लष्कराच्या लिलावातून एक जुना परदेशी ट्रक उचलला, आणि तो दारात आल्यावर कळलं की याला क्लचच नाही. गिअर आपोआप पडायचे. अख्ख्या जिल्ह्यात तसलं दुसरं वाहन नव्हतं, तर मेकॅनिक कुठून असणार? जाम गावच्या चौकातले ड्रायव्हर हसायचे, म्हणायचे की ही गाडी झोपेत चालते. देवरावांचा डावा पाय तर बेकारच झाला. तो उचलून ते मांडीखाली घ्यायचे आणि पंगतीला बसावं तसे बसून ट्रक हाकायचे.

"गेर ते आपल्या मनानं टाकते, बाबूजी," ते मला समजावून सांगायचे. "आपण फक्त पेटीची तब्येत पाहाची. अंदर तेल हाय, त्या तेलाच्या जोरावर गाडी चालते. तेल तापलं का जळते. जळलं का खेल खतम."

पेटी म्हणजे गिअरबॉक्स. तिची तब्येत त्यांनी अशी सांभाळली, की घरच्या सुनेचं पहिलं बाळंतपणही कुणी इतकं सांभाळलं नसेल. चढ लागायच्या आधीच ते हातानं दांडा खाली ओढून लहान गिअर लावायचे, कारण चढावर पेटी "मोठा टाकू का लहान टाकू" करत घुटमळते आणि घुटमळण्यातच तापते, असं त्यांचं निदान होतं. गाडी थांबली तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. "एकदम बंद केली तं तेल जागच्या जागी शिजते. फिरू द्या त्याले, थंडं होऊ द्या." तेलाच्या नळ्यांवर ते ओलं पोतं गुंडाळायचे. तापल्या पेटीवर गार पाणी ओतणाऱ्याला ते माणसात धरत नसत, कारण त्यानं पेटी तडकते.

आणि रोज सकाळी तेलाची परीक्षा. खिशातून कापसाचं एक बोंडूक काढायचं, मापाची सळई त्यावर पुसायची. कापूस लालसर झाला की दिवस चांगला. तपकिरी झाला की सुतक. नंतर तो कापूस माझ्या नाकाशी यायचा. "घ्या बाबूजी, वास घ्या. जळका येते का?" मी आयुष्यात अत्तराचे जेवढे फाये हुंगले नाहीत, तेवढे हे हुंगले. सगळी बोंडकं ते तंबाखूच्या एका डबीत जपून ठेवायचे.

आमचा ट्रक सरकीची ढेप घेऊन पांढरकवड्याला जायचा. मी कागदपत्रं घेऊन शेजारी. त्या प्रवासाची मला अजून स्वप्नं पडतात. गिअरचा हिसका नाही, धक्का नाही. ढेपेचा गोडसर वास, काचेबाहेर उडणारा कापसाचा भुगा, दोन्ही बाजूंची पांढरी शेतं संथपणे मागे जाणारी. हिंगणघाट सुटलं की माझे डोळे मिटायचे, ते वडनेरच्या बऱ्याच पुढे उघडायचे. वडनेरला आपण थांबतो हे मला कित्येक महिने ठाऊकच नव्हतं.

ते शेठजींकडून कळलं. पांढरकवड्याच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली होती, की माल दर खेपेला उशिरा येतो. "वडनेर में आधा घंटा खडी रहती है गाडी," शेठजी म्हणाले. "देवरावले विचारलं तं म्हणते, पेटी तापते. बाबू, तुम्ही या खेपेला जागे राहा आणि मला सांगा. झोपा काढत असेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो."

म्हणजे देवरावांची नोकरी माझ्या जिभेवर आली. त्या दिवशी हिंगणघाट सुटल्यावर मी स्वतःला चिमटे काढत बसलो.

वडनेरच्या कडेला एक कडुनिंब होता. देवरावांनी गाडी त्याच्या सावलीत घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि पोतं काढायला मागे गेले. तेवढ्यात मी उतरून गाडीखाली वाकलो आणि देवरावांसारखाच तळहात पेटीला लावला. पेटी चक्क कोमट होती. चुलीजवळच्या रांजणाइतकीसुद्धा तापली नव्हती. चोर सापडला म्हणून मला हर्ष झाला, आता खोटं का बोलू?

इतक्यात समोरच्या घरातून एक बाई बादली घेऊन आली. तिशीच्या आतली, डोईवर पदर.

"बाबा, गाडीले पाणी आणलं."

"ठेव तेथीसा." देवरावांनी पोतं बादलीत बुडवलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिनं, आणि दोघं ते सावकाश पिळू लागले. इतकं सावकाश पोतं पिळताना मी कुणाला पाहिलं नाही.

"जेवले का, बाबा?"

"हिंगणघाटले जेवलो. म्हैस कशी हाय?"

"व्याली नं. कालवड झाली. तुमचा खोकला?"

"गेला. तू कशी हायेस?"

"बरी हावो."

पोत्यातलं पाणी कधीच संपलं होतं. दोघं कोरडंच पिळत होते. मग देवरावांनी ओला तळहात तिच्या कपाळावर टेकवला आणि डोळे मिटले. "ठीक हाय," ते म्हणाले.

मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "देवराव, घामाघूम झालात. त्यांच्याकडचं घोटभर पाणी तरी प्या." दोघांनीही एकदम माना खाली घातल्या.

गाडी सुरू झाल्यावर ते बोलले. कमल त्यांची एकुलती एक लेक. बायको जाऊन वर्षं झालेली. "लग्नाले सहा वर्सं झाली, बाबूजी. पोरीच्या ओटीत लेकरू आल्याबिगर बापानं तिच्या घरचं पाणी पेऊ नाई, आमच्यात असंच हाय. मी पेत नाई. गाडीले काय, गाडी पेते. अन् बिनकामानं दारात उभा राह्यलो तं सासरचे म्हणतीन, बाप काऊन येते घडीघडी? आधीच तिले बोलून राह्यले लेकरासाठी. गाडी तापली तं कोन काय म्हणन?"

मघाशी पेटीला लावलेला तळहात मी रुमालानं पुसून टाकला.

सिंदीला परतल्यावर मी शेठजींना छाती पुढे काढून सांगितलं, "वडनेरला पेटी भयंकर तापते. हात ठेववत नाही." दोन घरं राखल्याचं समाधान मला रात्रभर पुरलं. शेठजी मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "इतकी तापते?" आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी ट्रक नागपूरला पाठवून ती पेटी काढली आणि साधी, क्लचवाली बसवून आणली.

देवरावांनी नव्या पेटीला हात लावला. "ठीक हाय," ते म्हणाले, पण कुणाच्या दशक्रियेला आल्यासारखे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला माझीच लाज वाटत होती.

पहिल्याच खेपेला मी बरोबर गेलो. डावा पाय मांडीखालून निघून कामाला लागला होता. हिसक्यांनी झोप तर गेलीच, बोलणंही गेलं. वडनेरचा निंब दिसू लागला. कमल बादली घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडीचा आवाज बदललेला, म्हणून डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"आता थांबाले कारण नाई, बाबूजी," देवराव समोर पाहतच म्हणाले. पाय ब्रेकवर गेला नाही.

"देवराव, थांबवा," मी म्हणालो. "मला बरं वाटत नाही. अंग तापल्यासारखं वाटतंय."

गाडी थांबली. त्यांनी तळहात माझ्या कपाळावर टेकवला आणि डोळे मिटले. कपाळ गार होतं, मलाच कळत होतं. हात मात्र बराच वेळ निघाला नाही.

"तापलं," अखेर ते म्हणाले. "लय तापलं. अर्धा घंटा तरी थांबा लागन." मग खिडकीतून डोकं काढून त्यांनी हाक दिली, "कमल, पाणी आण वं बाई. बाबूजीले पाह्यजे."

तिनं बादली खाली ठेवली आणि लोटा भरून आणला. मी तो गटागटा प्यायलो आणि आणखी मागितला. दुसऱ्या लोट्याला मुद्दाम वेळ लावला. देवराव लेकीशेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते, आणि माझ्या प्रत्येक घोटाबरोबर त्यांच्याही गळ्याखाली आवंढा उतरत होता.