गच्च बसलेलं टोक

लेकीनं बजावलं होतं, "बाबा, रॉकेटला हात लावायचा नाही." पण सैल वस्तू दिसली की प्लंबरचे हात शिवशिवतात, त्याला तो तरी काय करणार? सुट्टीभर खपून पोरीनं पुठ्ठ्याच्या नळीचं रॉकेट केलं होतं, रंगवलं होतं. आज क्लबच्या मैदानावर ते पहिल्यांदा उडायचं होतं आणि त्याचं टोक डुगडुगत होतं! लेक बूट घालायला गेली तेवढ्यात त्यानं पाइपांना लावायचा खास गोंद काढला आणि टोक कायमचं बसवून टाकलं. आपलाही हातभार लागला, या समाधानात तो शीळ घालत निघाला.

मैदानावर पाहावं ते नवलच. मुलं सावलीत बिस्किटं खात होती आणि त्यांना 'फक्त सोडायला' आलेले बाप गवतात पालथे पडून, कुणाचं रॉकेट उंच जाणार यावर हमरीतुमरीवर आले होते. क्लब चालवणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका एकेक रॉकेट तपासत होत्या.

"टोक सैल आहे ना? वर गेलं की आतला दारूचा बार टोकाला ढकलतो, मग पॅराशूटची छत्री उघडते. टोक अडकलं तर रॉकेट दगडासारखं खाली येतं."

"जरा बघू," म्हणत प्लंबरनं रॉकेट उचललं आणि गाडीमागे जाऊन पिळलं, ओढलं, शेवटी दातांत धरलं. टोक ढिम्म! भिंत पडेल पण माझा जोड सुटणार नाही, असं तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा. आज पहिल्यांदाच आपलं काम कच्चं निघावं असं त्याला मनापासून वाटलं.

"दातांनी नको हो," मागून एका मुलाचे वडील, दातांचे डॉक्टर, म्हणाले, "आज माझा दवाखाना बंद आहे."

तेवढ्यात लेक आली. "बाबा, काय चाललंय?"

"वारा फार आहे गं. आज नकोच उडवायला."

"बाबा, काय केलंत?"

"चिकटवलं."

पोरीचे डोळे भरून आले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत त्यानं कान पकडले, पण कान पकडून टोक थोडंच सुटतं!

"रडू नकोस," बाई तिला म्हणाल्या. "ते शिंपीकाका दिसतात ना? त्यांनी मुलाच्या रॉकेटची छत्री निसटू नये म्हणून शिवून टाकली होती. दुहेरी टाका घालून! मी रॉकेटं उगीच तपासते, तपासायला हवेत बाप."

लेक फिसकन हसली. प्लंबरला धीर आला. त्यानं गाडीतून पाइप कापायचं कटर आणलं, लेक दाखवेल तिथेच नळी कापली, टोकाला चिकटून राहिलेला पुठ्ठा सोलला, ते घासून सैल केलं. रॉकेट बुटकं झालं, पण बाईंनी मान डोलावली.

"बाबा, बटण तुम्ही दाबा," लेक म्हणाली.

उलटी मोजणी झाली. त्यानं बटण दाबलं. सूंऽऽ! मैदानभर टाळ्या पडल्या, लेक नाचायला लागली. "उघडली! बाबा, छत्री उघडली! पाहिलंत?"

प्लंबरनं हळूच एक डोळा किलकिला केला, मग दुसरा. छत्री केव्हाच गवतावर टेकली होती.

"मी डोळे मिटले होते गं," तो रडवेला होऊन म्हणाला. "अजून एकदा उडवू ना! एकदाच!"

लेकीनं कमरेवर हात ठेवले. "आधी बाकीच्यांचं होऊ दे. जा, रांगेत उभे राहा."

तो निमूटपणे डॉक्टरांच्या मागे जाऊन उभा राहिला.