तात्यांची चौकशी

कोपरीत आमच्या शेजारी तात्या राहत. मिठागरावरची कारकुनी सोडून घरी बसलेले. वाटेत माणूस भेटला की आपण विचारतो, कसं काय, बरं आहे ना? तात्या विचारत, "पाणी प्यालास? जाऊन आलास?" एकदा लग्नाच्या मांडवात त्यांनी हे चक्क व्याह्यांनाच विचारलं. ते बिचारे नुकतेच पाटावर बसलेले. मुकाट उठले आणि परसाकडे गेले.

"अडवायचं नाही," तात्या म्हणत. "आलं की उठायचं. घाई न करता पुरतं मोकळं व्हायचं. आणि तहान लागायची वाट बघायची नाही."

मला हे सगळं गावंढळ वाटे. मी पडलो ठाण्याच्या कचेरीतला कारकून, चार बुकं इंग्रजी शिकलेला. साहेब खुर्चीत असेपर्यंत मी जागचा हलत नसे. उठायचं म्हणजे जानवं कानाला लावा, हातपाय धुवा, शिवाय स्वारी कुठं निघाली ते चारचौघांना कळणार. म्हणून मी नामी उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. कचेरीतलं पाणी आम्हाला चालत नाही, असं सोवळ्याचं कारण ऐटीत सांगायचं. साहेबाला माझी निष्ठा दिसत असेल, अशी माझी समजूत. त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं, हे पुढे कळलं.

वैशाखात मला उन्हाळी लागली. थेंबाथेंबाला आग. निष्ठा गेली, ऐट गेली, आणि धोतर सावरत मी तात्यांच्या ओटीवर हजर झालो. तात्या हसले नाहीत. धने-जिऱ्याचं पाणी पुढे ठेवून म्हणाले, "मूत्राशयाला साहेबाचा हुकूम कळत नाही रे विष्णू. पी."

चार दिवसांत मी बरा झालो आणि कचेरीभर शहाणपण वाटत सुटलो. घरात मात्र आमच्या कुटुंबाला, यमुनेला, त्या वर्षात तिसऱ्यांदा ताप भरला होता. हुडहुडी भरे, कमरेत कळा येत. पुढचा ताप कठीण जाईल, असं वैद्यबुवांनी सांगितलं, तेव्हा माझं धाबं दणाणलं. पुन्हा तात्यांकडे गेलो.

"दिवसा पाणी पिते का ती?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? बायकांच्या गोष्टी त्या."

"मग घरी जा आणि विचार."

विचारलं. यमुना आधी चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "पाणी प्यायलं तर जायचं कुठं? परसाला लागून लोकांची पायवाट. आम्ही उजाडायच्या आत जातो, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधे घोटभर घेते." आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मला माझी लाज वाटली. तसाच जाऊन तात्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तात्या बांबू आणि माडाची झापं घेऊन आले. परसाच्या कोपऱ्यात त्यांनी आडोसा उभा केला. मी मदत केली, म्हणजे दोरी धरली. आईने खूप कुरकुर केली, पण भर दुपारी तिथे पहिली गेली तीच. यमुना पोटभर पाणी पिऊ लागली. औषधही चालू होतं. ताप उतरला आणि पुन्हा आला नाही.

तरी तात्या रोज दुपारी पायवाटेच्या तोंडाशी, आमच्या परसाकडे पाठ करून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुसरीकडून पाठवत. एका रविवारी मी म्हटलं, "तात्या, आता झापं आहेत की. उन्हात कशाला बसता?"



"आमच्या हिलाही असाच ताप येई," ते म्हणाले. "एकदा म्हणाली, परसात दोन झापं लावून द्या. मी म्हटलं, मिठाचा हंगाम संपू दे. हंगाम संपायच्या आत गेली ती."

तेवढ्यात पायवाटेने कुणीतरी येताना दिसलं. तात्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. मग मीच उठलो आणि त्या माणसाला वळसा घालून जायला सांगितलं.